मागच्या दाराने

३ जून

प्रिय ताई,

खोली मिळाली. तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. पलंगावर बसल्या बसल्या हात लांब केला की खिडकीही हाताला लागते आणि स्टोव्हही. खाली छापखाना आहे. त्याचं यंत्र सुरू झालं की माझ्या कपातल्या चहाला लाटा येतात.

आणि काम मिळालं! टीव्हीवरची पोलीस तपासाची मालिका. सांगितलं तर खोटं वाटेल, पण त्या भागाची सगळी गोष्टच माझ्याभोवती फिरते. मोठमोठे नट माझ्याभोवती उभे राहून माझ्याबद्दल बोलत असतात. कॅमेरा तर कितीतरी वेळ नुसता माझ्या चेहऱ्यावर. संवाद कमी आहेत, पण सुरुवातीला कुणाला असतात? मेकअपवाल्या काकू म्हणाल्या, 'इतकी स्थिर मुलगी मी पाहिली नाही.' आईला हे सांग. तीच म्हणायची ना, हिच्या बुडाला चाकं आहेत म्हणून?

आईचं पडल्यापासूनचं दुखणं कसं आहे? उठून बसते का? तुझ्या एकटीवर सगळं टाकून आले, हे मनात येतं. नाव झालं की तुम्हा दोघींना इकडे आणीन. हसू नकोस.

तुझी,
ठमी


१९ जून

ठमाबाई,

हसले. पण आनंदानेच. कपडे शिवायला टाकणाऱ्या प्रत्येक बाईला सांगून झालं की आमची धाकटी टीव्हीवर येणार. फक्त सगळी गोष्ट तुझ्याभोवती फिरते आणि संवाद मात्र कमी, हे काही मला झेपलं नाही. राजकन्या मुकी आहे का?

आई पलंगावरच. कंबर साथ देत नाही आणि आताशा तोंडाची चवही गेली आहे. घास पुढे केला की मान फिरवते. पण मंगळवारी गंमत झाली. दुपारी मी पुढच्या खोलीत मशीनवर होते. दूध घेऊन आत गेले, तर म्हणते, "ठमी आत्ताच गेली. चिंब भिजली होती गं. केस पूस म्हटलं तर बोलेना, नुसती पायाशी बसून राहिली."

म्हटलं, "आई, स्वप्न पडलं तुला."

तर म्हणे, "स्वप्नात कुणी एकाच पायात चप्पल घालून येतं का?"

बाहेर लख्ख ऊन होतं. मागचं दार तेवढं सताड उघडं होतं, मीच कडी घालायला विसरले असेन. पण तिने दूध निमूट संपवलं, पेला उलटा करून दाखवला. म्हणून मीही वाद घातला नाही. तू स्वप्नात येऊन तिला दूध पाजणार असशील, तर रोज येत जा बाई.

तुझी ताई


२७ जून

ताई,

चप्पल कुठल्या पायात होती? आईला विचारून सांगशील? अंगावर काय होतं तेही. उगाच विचारते आहे.

आणि पलंग अजून भिंतीलाच आहे ना? की तू तो खिडकीखाली हलवलास?

माझं बरं चाललं आहे. आता इतर मालिकांतूनही बोलावणी येतात. उत्तर लगेच टाक.

ठमी


१४ जुलै

ठमे,

उजव्या. अंगावर पिवळा रेनकोट, गळ्याजवळचं बटण तुटलेलं. आणि पलंग मी खिडकीखाली हलवला, तू गेल्यानंतर. तुला कुणी सांगितलं?

त्यानंतर तू आणखीही येऊन गेलीस, असं आई म्हणते. एकदा तोंडाला पीठ फासल्यासारखी पांढरी. एकदा गळ्याभोवती निळा वळ घेऊन. "काहीतरी काचलंय तिला," म्हणाली, "मलम देऊन ठेव." मी दरवेळी बरं बरं म्हणत होते. म्हातारं माणूस, पडून पडून काहीबाही दिसतं, असं मी स्वतःला समजावत होते.

मग काल शेजारच्या वहिनींकडे तुझी मालिका लागली. सगळी गल्ली त्यांच्या खोलीत. मला पुढे खुर्ची दिली, मी नवी साडी नेसून गेले होते. सुरुवातीलाच नदीचा काठ. काठावर पिवळा रेनकोट. कॅमेरा पायाकडून वर जायला लागला. एक चप्पल.

वहिनी टाळ्या वाजवत म्हणाल्या, "अगंबाई, किती सुंदर मेली हो तुमची बहीण! पापणीसुद्धा हलली नाही!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात उचलेनात.

ठमे, मालिका काल दाखवली. आईने मला जूनमध्ये सांगितलं होतं. आपल्या घरात टीव्ही नाही आणि आई तर पलंगावरून उतरतही नाही.

मेलेली का होईना, दिसलीस, याचा मला अभिमानच आहे. त्यावरून मी रागावले नाही. पण खरं काय ते लिही.

ताई


२१ जुलै

प्रिय ताई,

खरं लिहिते. मला प्रेताचीच कामं मिळतात. बुडालेली, जळालेली, विष घेतलेली. इथे मला नावाने कुणी ओळखत नाही, 'ती प्रेतवाली' म्हणतात. तुला लाज वाटेल म्हणून लिहिलं नाही. शिवाय जे लिहिलं त्यात खोटं एकही अक्षर नव्हतं, पुन्हा वाचून बघ.

पण हे काम वाटतं तितकं सोपं नाही गं. दिव्यांनी डोळ्यांत पाणी येतं, नेमकी तेव्हाच मुंगी कानाकडे निघते, आणि इन्स्पेक्टर झालेला नट कांदा खाऊन तोंडाशी वाकतो. श्वास रोखून चालत नाही. रोखलेला श्वास छातीत दिसतो. मला काकूंनी शिकवलं: श्वास पोटाच्या तळाशी ठेवायचा, अगदी बारीक, आणि मन लांब कुठेतरी पाठवून द्यायचं. जिथली वाट अंधारातही चालता येईल अशा ठिकाणी. मग शरीर आपोआप थांबतं.

मी आपलं घर निवडलं. मागचं दार, कारण पुढच्या दारात तू मशीनवर बसलेली असणार आणि शंभर प्रश्न विचारणार. दुसऱ्या पायरीचा तुटका कोपरा. कडी जरा वर उचलून सरकवायची. डाव्या हाताला फडताळ. मग आईची खोली. तिच्या पायाशी बसायचं. दिग्दर्शक 'कट' म्हणाला की परत.

मनातलाच खेळ होता तो. पण एकदा आत गेले, तर पलंग भिंतीला नव्हता. खिडकीखाली होता. ताई, मी तो खिडकीखाली कल्पिला नव्हता.

मी घाबरले आहे. यापुढे पडून राहायची वेळ आली तर मन खालच्या छापखान्यात पाठवीन. आणि अशी वेळ फार दिवस येणारही नाही, कारण मला बोलायचं काम मिळालं आहे! सिनेमात! भांडखोर शेजारणीचं. पाण्यावरून घरमालकाला असा फैलावर घेते की अख्खी इमारत गोळा होते. पानभर संवाद आहे. हे जमलं, तर मी नटी. नाही जमलं, तर प्रेतवाली.

आईला सांग, मी खरीखुरी येईन, सिनेमा संपला की.

ठमी


९ ऑगस्ट

ठमे,

तू यायची थांबलीस, हे आईला पहिल्या दिवशी कळलं. मागच्या दाराकडे तोंड करून पडून असते. आधी भात सोडला, मग दूध. चमच्याने पाणी पाजते तेवढंच पोटात जातं. डॉक्टर म्हणाले, "खाल्लं नाही तर फार दिवस काढणार नाहीत. त्यांना इच्छाच उरलेली नाही." मी सांगितलं, ठमी सिनेमा संपला की येणार आहे. म्हणाली, "ती येतच होती की. तू काही बोललीस का तिला?"

एक गोष्ट मी लपवली होती. जुलैत एकदा मी तुला पाहिलं. फडताळाआड उभी राहून. तू आईचे केस विंचरत होतीस. नखांवरचा लाल रंग उडालेला. आई गप्पा मारत होती आणि तू ऐकत होतीस. इतकं मन लावून तू जिवंतपणी कुणाचं ऐकलं नाहीस. मग तू मान वळवून माझ्याकडे पाहिलंस. ठमे, त्या नजरेत ओळख नव्हती. मशीनवर येऊन बसले, तर सुईत दोरा जाईना.

तरीही लिहिते आहे. तुझा सिनेमा होवो, तुझं नाव होवो. पण तोवर ते दुसरं काम सोडू नकोस. अधूनमधून मरत जा गं. तिच्यासाठी.

ताई


२५ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग जिन्यात जाऊन बसले.

मरते आहे. दोन्ही कामं चालू आहेत. आईने परवा भात खाल्ला, हे तू लिहायच्या आधीच मला माहीत आहे. मी तिथेच बसले होते.

पण परत येणं अवघड होत चाललंय. 'कट' म्हटलेलं ऐकू येतं, पण कुठल्या खोलीतून ते कळत नाही. मागच्या शनिवारी सगळे चहाला निघून गेले आणि मी तशीच. काकूंनी कपाळावर ओलं फडकं ठेवलं, हाका मारल्या. मालिकेतल्या नावाने, माझ्या कागदोपत्री नावाने. शेवटी गालावर चापट मारली तेव्हा आले. मी त्यांना सांगून ठेवलंय, 'ठमे' अशी हाक मारा, घरी तीच ऐकू येते.

तिकडे सिनेमाचा दिग्दर्शक वैतागलाय. "बाई, तुम्ही झोपेत भांडता का?" म्हणतो. "समोरच्याला राग यायला हवा. तुम्ही इथे नाहीच." खरंच आहे. शरीर थांबवायची मला इतकी सवय झाली आहे की चालवायचं कसं, ते विसरले आहे. आणखी एकदा बघणार आणि मग दुसरी बाई घेणार, असं स्पष्ट सांगितलं त्याने.

आईने विचारलं परवा, "कसं जमतं गं तुला एवढ्या लांबून यायला?" मला तिथे बोलता येत नव्हतं आजवर, पण या खेपेला बोलले. सगळं सांगितलं. पोटाच्या तळाशी श्वास, ओळखीची वाट, मग मन सोडून द्यायचं. ती लहान मुलीसारखी ऐकत होती. म्हणाली, "अगं, मग मी दिवसभर पडूनच तर असते."

किती दिवसांनी हसलो आम्ही दोघी.

ठमी


६ सप्टेंबर

ठमे,

काय शिकवून ठेवलंस तिला?

परवापासून आई डोळे उघडे ठेवून पडून राहते. हाक मारली की फार उशिराने 'ओ' येते. काल विचारलं, "कुठे होतीस?" तर म्हणाली, "कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन आले. पाय अजिबात दुखले नाहीत." मी दुकानदाराला विचारलं नाही. काय सांगेल, याची भीती वाटली.

आज सकाळी पुन्हा तशीच. डोळे खिडकीकडे, हात गार. मागचं दार उघडं. मग माझा धीर सुटला. जाणारी एक, येणारी एक, आणि मी मधे एकटी जिवंत! दार लावलं, कडी घातली, आणि शिवलेल्या कपड्यांचं मोठं कपाट ओढत नेऊन दाराला टेकवून ठेवलं. घाम फुटला, पण नेलं. आता कुणी यायचं नाही आणि कुणी जायचं नाही. दार म्हणजे दार असतं.

यायचंच असेल तर गाडीत बसून ये.

ताई


६ सप्टेंबर

प्रिय ताई,

आज जमलं!

शेवटची संधी होती. तोंडात शब्द होते, पण अंगात जीव नव्हता. दिग्दर्शकाने 'चला' म्हटलं आणि मी वर पाहिलं, तर कॅमेऱ्याच्या मागे काकूंच्या स्टुलावर आई बसलेली. घरातला सुती गाऊन, निळा स्वेटर, केस तू बांधतेस तसे. पाय खाली सोडून हलवत होती. कुणीच तिच्याकडे बघत नव्हतं.

मला एकदम कळलं, भांडायचं कसं. ताई, मी तुझी नक्कल केली. कमरेवर एक हात, दुसऱ्या हाताने बादली वाजवायची, आणि तू नेहमी 'दार म्हणजे दार असतं' म्हणतेस त्या सुरात 'पाणी म्हणजे पाणी असतं!' संवादात नव्हतंच ते. घरमालक झालेला नट खरोखर मागे सरकला. 'कट' झाल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. आज मला नावाने हाक मारली त्यांनी.

आई हसून हसून डोळे पुसत होती. मी जवळ गेले. म्हणाली, "आता निघते. मागच्या दाराने जाईन. ताई मशीनवर असेल, तिला कळायला नको."

सांग तिला, आवडलं का माझं काम.

तुझी,
ठमी


१० सप्टेंबर

ठमे,

तुझं पत्र आज आलं. तारीख पाहिली. त्याच सकाळी मी कपाट लावलं होतं.

आई परत आलेली नाही. श्वास आहे, पोटाच्या तळाशी, बारीक. डोळे उघडे. डॉक्टर सलाईन लावून गेले. म्हणाले, "हे असं किती चालेल सांगता येत नाही, पण फार नाही." मी तार करणार होते. पण तारेत हे काय लिहू?

कपाट मी हटवलं आहे. शेजारच्या वहिनी मदतीला आल्या, त्यांना म्हटलं झाडायचं आहे. दार दिवसभर उघडं ठेवते. पण ती येत नाही. ठमे, तिला फक्त मागच्या दाराची वाट माहीत होती. ते बंद दिसल्यावर कुठे गेली असेल? हट्टी आहे. पुढच्या दाराने यायची नाही, मला कळायला नको होतं ना.

गाडीने येऊन तुला ती सापडणार नाही. आणखी एकदा ते काम घे. आणि येताना तिला हाताला धरून आण.

मला माहीत आहे, मी काय मागते आहे.

ताई


१४ सप्टेंबर

ताई,

काम मिळवलं. बुधवारी सकाळी आहे. कोळशाच्या वखारीत सापडलेली बाई, पांढऱ्या चादरीखाली. दृश्य लांब आहे, हे बरंच झालं. सिनेमाचा दिग्दर्शक पुढच्या सिनेमासाठी बोलावतोय, त्याला म्हटलं, बुधवारनंतर सांगते.

आई कुठे असेल ते मला ठाऊक आहे. बंद दारासमोर ती कधी भांडत नाही. दुसऱ्या पायरीवर बसून राहते, कुणी उघडेपर्यंत. दार आता उघडं आहे, पण त्याच्याकडे पाठ करून बसली असेल. रुसली असेल.

काकू उशाशी बसणार आहेत, फडकं घेऊन.

मला वाटतं, या वेळी तिथेच राहावंसं वाटेल. आई तिथे, तू तिथे. इथे काय, कपातल्या लाटा. तसं झालं तर रागावू नकोस.

ठमी


१८ सप्टेंबर

माझ्या ठमे,

बुधवारी सकाळी मी मशीन बंद ठेवलं आणि आईच्या खोलीच्या तोंडाशी, मागच्या दारासमोर खुर्ची टाकून बसले. फडताळाआड लपले नाही.

आधी पायरीवर पावलं वाजली. मग आई आली. एक हात चौकटीला, दुसरा तुझ्या हातात. माझ्याकडे पाहिलं आणि लहान मूल पकडलं जावं तशी हसली. मग माझ्या बाजूने पलंगाकडे गेली. मी वळून पाहिलं तेव्हा पलंगावरच्या आईने डोळे मिटून पुन्हा उघडले. म्हणाली, "दार लाव गं, गार येतंय."

तू उंबऱ्याबाहेर होतीस. तोंड कोळशाने काळं, अंगाभोवती चादर. एक पाय आत टाकलास. या वेळी तुझ्या नजरेत ओळख होती. मी खुर्चीवरून उठले. आत येऊन बसलीस तर पुन्हा जाणार नाहीस, हे मला तुझ्या चेहऱ्यावरच दिसलं. मनातून मला हवंही होतं ते. खोटं कशाला बोलू? किती दिवस झाले मला कुणी समोर येऊन 'ताई' म्हणून.

मी म्हटलं, "ठमे, परत जा. काकू हाका मारताहेत."

तू नाही म्हणून मान हलवलीस.

मग मी तुझ्या तोंडावर दार लावलं. कडी घातली. तू बाहेरून पंजा टेकवलास, लाकडातून कळला मला. मीही आतून टेकवला. मग कमरेवर हात ठेवून, तू सिनेमात घेतलास त्याच सुरात ओरडले, "दार म्हणजे दार असतं! जा म्हणते ना!"

पंजा गेला.

आईने अर्धा कप चहा घेतला, साखर जास्त घालून. म्हणाली, "ठमी कसली भांडली गं! अगदी तुझ्यासारखी. सगळे बघत राहिले." दुपारभर तेच सांगत होती. संध्याकाळी, उजेड असताना, तुझा संवाद पुन्हा म्हणता म्हणता थांबली. या वेळी श्वासही थांबला. डोळे तिने स्वतःच मिटून घेतले होते. मी हाक मारली नाही. ती घरी होती, तिच्या पलंगावर. हे तुझ्यामुळे.

हे पत्र तुला वाचता येत असेल, तर तू पोचलीस. नसेल येत, तर ते काकूंच्या हातात असेल. काकू, मी तुम्हाला पाहिलेलं नाही, पण तिला हाका मारत राहा. घरचं नाव घेऊन. जोरात. तिला ओरडलेलंच ऐकू येतं.

ठमे, आता मागचं दार मी खिळे ठोकून बंद केलं आहे. तू गाडीत बसून ये. सामान घेऊन, धुळीने माखून, भाड्यावरून कुणाशी तरी भांडून ये. मी पुढच्या खोलीत मशीनवर आहे, पण तेही दार आतून लावून बसले आहे. कडी वाजव. ती जी यायची, तिने कधीच वाजवली नाही.

ताई